भजन मंडळाचं रेकॉर्डिंग: एकेकाचं वेगळं, की सगळ्यांचं एकत्र?

खंजेरी_मोर्शी
आमच्या मंडळानं झूमचा आर8 रेकॉर्डर घेतला, आणि तेव्हापासून पारावर याच गोष्टीवरून वाद सुरू आहे. माझं मत: एकेकाला वेगळं रेकॉर्ड करा. आधी पेटी-तबला, मग खंजेरी, मग मुख्य आवाज, शेवटी कोरस. या मशीनला एका वेळी दोनच माइक लागतात, पण ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज साठवायच्या पट्ट्या, आठ आहेत. आधीचं हेडफोनवर ऐकत पुढचं भरत जायचं. एखादी ओळ घसरली तर तेवढ्यालाच पंच-इन करता येतं, म्हणजे तेवढीच जागा पुन्हा भरता येते, बाकीच्यांना परत बसवावं लागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं मंडळ एका रात्री सापडतं कुठं? शिवाय मशीन चार पेन्सिल सेलवर चालतं, लाईन गेली तरी काम थांबत नाही. कॉम्प्युटरवरच रेकॉर्ड करा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

टाळकरी_काका
भाऊ, खंजेरी भजन एकमेकाच्या तोंडाकडं पाहून म्हणाची गोष्ट हाय. लय हळूहळू चढते. कोण चढवते? कोणी एकटा नाई चढवत. पेटी-तबला तुमी आधीच भरून ठेवला म्हंजे लय तिथंच ठरली, मंग गाणारा त्याच्या मांगं मांगं. टिकटिक ठोका देणारा मेट्रोनोम लावला तं इचारूच नका. गुरुकुंज मोझरीले तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीत मंडळं आयका, पयल्या कडव्यातून शेवटच्या कडव्यापर्यंत कुठं जाऊन पोचतेत ते पाहा. आपलं म्हणणं असं का दोन माइक लावा, मंडळ अर्धगोलात बसवा. गाणारा पुढं, खंजेरीवाला मांगं. कोणाचा आवाज जास्त होत असन तं त्याले सतरंजीवर हातभर मांगं सरकवा. हेच मिक्सिंग.

खंजेरी_मोर्शी
लय चढते हे मान्य, काका. पण टिनाच्या छताखाली खंजेरी कितीही मागं बसवा, तिच्या चकत्यांचा आवाज दोन्ही माइकांत भरतोच. एकदा तो गाणाऱ्याच्या आवाजात मिसळला की नंतर काढणार कसा? इक्वलायझरनं वरचा भाग, म्हणजे तीक्ष्ण आवाज, कापला तर खंजेरीबरोबर शब्दांतले स आणि श पण जातात. वेगळा ट्रॅक असला की त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला, काम झालं.

वडसा_ऑर्गनवाली
दोघंही दोनच माइकांच्या हिशोबानं भांडताय. झूमचा आर16 किंवा टॅस्कॅमचा डीपी-24 एका वेळी आठ इनपुट घेतो. सगळे एकत्र बसा आणि प्रत्येकाला वेगळा माइक द्या. काकांची लय राहते, दादाचा फेडर पण राहतो. आर16 सहा सेलवर चालतो, डीपी-24 ला मात्र अडॅप्टर लागतो.

आम्हा झाडीपट्टीवाल्यांना, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवाल्यांना, वेगळ्या ट्रॅकचा खरा उपयोग तालमीत होतो. नाटकात गाणं स्टेजसमोर जिवंत वाजतं, रेकॉर्डवर नाही. पण दिवाळीनंतर प्रयोग सुरू झाले की नव्या गाणाऱ्या मुलीला शिकवायला वेळ नसतो. गाण्याचा आवाज म्यूट करून फक्त ऑर्गन-तबला तिच्या मोबाईलवर पाठवला की ती घरी तयारी करते. दोन माइकच्या रेकॉर्डिंगमधून हे कसं काढाल, काका?

फेडरवाला_यवतमाळ
ताई, आठ माइक लावले म्हणजे आठ आवाज वेगळे झाले असं नसतं. लहान खोलीत प्रत्येक माइकात बाकीचे सात जण थोडे थोडे येतात. साधा नियम असा, की माइक तोंडापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर दुसरा माइक. तोंडापासून अर्धा फूट असेल तर दुसरा माइक दीड फूट तरी दूर. खाटा उभ्या करून त्यावर गोधड्या टाका, पंखा बंद करा. उन्हाळ्यात हाल होतील, पण पंख्याची घरघर आठही ट्रॅकमध्ये नको.

लेव्हलचंही सांगतो, कारण कॅसेटच्या काळातले लोक अजून सुई लालपर्यंत नेतात. टेपवर ते खपून जायचं. डिजिटलमध्ये मीटरवर 0 डीबीच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, वर गेलं की आवाज फाटतो, तो परत शिवता येत नाही. 24 बिट निवडा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डीबीच्या आसपास ठेवा. भजन शेवटी चढतं, म्हणून लेव्हल शेवटचं कडवं म्हणायला लावून ठरवायची, पहिलं नाही.

आता माझा विरोध. रेकॉर्डिंग या मशीनवर करा, मिक्सडाऊन, म्हणजे सगळे ट्रॅक मिसळून शेवटचं गाणं बनवणं, मात्र त्यावर नको. बोटभर पडद्यावर कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार कमी करणारा) लावणं म्हणजे डोळ्यांची शिक्षा. एसडी कार्डातल्या वेव्ह फाइल काढा आणि कॉम्प्युटरवर रीपर किंवा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करा.

खंजेरी_मोर्शी
तिथं मी तुमच्याशी सहमत नाही. फेडरला बोट लावून ऐकत केलेला मिक्स कानानं होतो. स्क्रीनवर लोक रेषा पाहून मिक्स करतात. आणि आमचं ऐकणारे कोण? मोबाईल, ऑटो, नाही तर देवळावरचा भोंगा.

फेडरवाला_यवतमाळ
भोंगा काढलाच आहे तर, तो मोनो असतो आणि खालचा खर्ज देतच नाही. हेडफोनवर पेटी डावीकडं, तबला उजवीकडं छान वाटतो, भोंग्यावर सगळं एकाच तोंडातून निघतं. म्हणून मिक्स मोनो करून एकदा ऐकाच. दोन माइकांचा फेज, म्हणजे आवाजाच्या लाटांचा चढ-उतार, एकमेकांविरुद्ध असेल तर मोनोत आवाज पातळ होतो. मशीनवर करा की कॉम्प्युटरवर, हे चुकवू नका.

वडसा_ऑर्गनवाली
नवीन मशीन परवडत नसेल तर आर8 वरच एक वाट आहे. आधी सगळं मंडळ बसवून दोन माइकवर पूर्ण भजन घ्या. तो गाइड ट्रॅक. लय चढते तशी चढू द्या. मग एकेकानं हेडफोनवर तोच गाइड ऐकून आपलं वेगळं भरायचं, आणि शेवटी गाइड म्यूट करायचा.

टाळकरी_काका
पोरी, सगळ्यायनं मिळून मन लावून म्हटलेलं तेच, आन म्यूटही तेच करता? मंग तोच काहून नाई देत लोकायले?

खंजेरी_मोर्शी
गाइड थोडा खाली ठेवून मिक्समध्येच मिसळला तर?

वडसा_ऑर्गनवाली
कोरसला चालेल, चार माणसं जास्त वाटतील. मुख्य आवाजाला नको. तोच माणूस दोनदा गायला की शब्द मागंपुढं होतात आणि भजन कळेनासं होतं. खंजेरीला तर मुळीच नको, चकत्या दोन-दोनदा वाजल्यासारख्या ऐकू येतात.