बोअरच्या पाण्यात सोडियम आहे, मग ते तडतडत का नाही?

मांजराकाठची (लातूर)
आमच्या बोअरचं पाणी तपासून आणलं. कागदावर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड. नववीतली लेक कागद वाचून म्हणाली, "आई, सरांनी रॉकेलच्या बाटलीतून सोडियम काढून मुगाएवढा तुकडा पाण्यात टाकला, तर तो तडतडत पळाला. मग आपल्या पाण्यातला गप कसा?" मी म्हटलं, हा आयन आहे, एक इलेक्ट्रॉन गेलेला. तर म्हणते, "गेला तर वजा पाहिजे, अधिक कसा? आणि 11 मधला 1 गेला, 10 उरले, म्हणजे निऑनच झाला की!" इथं मी अडकले. माझी बारावी होऊन 20 वर्षं झाली. लेकराला चुकीचं सांगायचं नाही, म्हणून विचारते.

निवृत्त सर (परभणी)
ताई, लेकीला शाबासकी द्या. वर्गात हा निऑनचा प्रश्न फार थोडी मुलं विचारतात.

मूलद्रव्य कोणतं, हे केंद्रकातल्या प्रोटॉनवर ठरतं. सोडियमचे 11, निऑनचे 10. इलेक्ट्रॉन गेला तरी केंद्रकाला धक्का लागत नाही. इलेक्ट्रॉनांची मांडणी तेवढी निऑनसारखी होते, 2, 8.

अधिक-वजा मी किराणा दुकानाच्या वहीवरून शिकवायचो. प्रोटॉन म्हणजे जमा, इलेक्ट्रॉन म्हणजे उधारी. 11 जमा, 11 उधारी, हिशेब शून्य. हा उदासीन अणू. त्यातली एक उधारी क्लोरीनच्या नावावर चढली की सोडियमकडे एक जमा शिल्लक राहते, म्हणून अधिक. क्लोरीनकडे 17 जमा, 18 उधारी, म्हणून वजा. उधारी गेली की माणूस वर येतो, हे आपल्या भागातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

आता तडतड. धातूतल्या सोडियमच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, 2, 8, 1. तो पाण्याला देताना हायड्रोजन सुटतो आणि उष्णता निघते. बोअरच्या पाण्यातल्या आयनाचा तो इलेक्ट्रॉन कधीच गेलाय. द्यायलाच काही नाही, मग तडतडेल कशाला?

आरओवाला (जालना)
ताई, टीडीएसचा पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र) मिळाला तर लेकीला डोळ्यांनी दाखवा. तो पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा देतो, अन् वीज वाहते ती आयनांमुळं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी दोन ग्लासांत घ्या. आकडा शून्याच्या आसपास येईल. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात चिमूटभर साखर घालून हलवा. मिठाच्या ग्लासात आकडा सपकन चढतो, साखरेच्या जागचा हलत नाही. साखर विरघळली तरी तिचे रेणू उदासीनच राहतात.

मांजराकाठची (लातूर)
सर, दादा, मनापासून आभार. शेजारच्या दुकानातून पेन आणला. साखरेनं खरंच आकडा हलला नाही! मग तिनं आपल्या मनानंच साखरेच्या ग्लासात लिंबू पिळलं, तर चढला. आता विचारते, लिंबात कुठला आयन?

निवृत्त सर (परभणी)
आम्लातून सुटणारा हायड्रोजनचा धन आयन त्यात मुख्य. तिला एवढंच विचारा: हायड्रोजनकडे मुळात एकच इलेक्ट्रॉन, तोही गेल्यावर मागं काय राहिलं? उत्तर तिनंच इथं लिहू द्या, मी वाट बघतो.