अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे वाजला की बंद पडला?

वाजला. "द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह" म्हणजे पाचला अलार्म वाजला, यात काही शंका नाही. पण गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, कारण आपल्याकडे ऑफ म्हणजे बंद, बटण ऑफ, मोबाईल स्विच ऑफ, एवढंच डोक्यात बसलेलं असतं, आणि त्यात "द लाइट्स वेंट ऑफ" म्हणजे खरंच लाइट गेले, मग तेच अलार्मला लावलं की एकदम उलटं कसं होतं?

मला वाटतं याचं उत्तर आपल्या 'सुटणे'मध्ये छान सापडतं. ऑफिस सुटलं म्हणजे संपलं, पण वारा सुटला म्हणजे सुरू झाला. घाम सुटला, वास सुटला, हे सगळं सुरू होणंच. क्रियापद एकच, आणि आपण कधी अडखळत नाही, कारण कोण सुटलं ते वाक्यात समोर असतं. ऑफचा मूळ भावसुद्धा 'पासून दूर, सुटं' असाच आहे. अडवून धरलेलं काहीतरी सुटलं तर स्फोट होतो, आवाज होतो: "द गन वेंट ऑफ" म्हणजे बंदुकीचा बार उडाला, "द बॉम्ब वेंट ऑफ" म्हणजे बॉम्ब फुटला, आणि अलार्म त्याच रांगेतला. लाइट मात्र चालू अवस्थेपासून दूर गेले म्हणून विझले. त्यामुळे 'गो ऑफ'चा अर्थ काय असा प्रश्न विचारूच नका, काय गो ऑफ झालं ते आधी बघा.

अजून आहेत. "द मिल्क हॅज गॉन ऑफ", दूध नासलं, हे ब्रिटिश लोक म्हणतात, अमेरिकेत 'गॉन बॅड' जास्त ऐकू येईल. "आय हॅव गॉन ऑफ कॉफी", हेही ब्रिटिशच, कॉफीवरून मन उडालं. (बारही उडतो आणि मनही उडतं, बघा!) आणि "द वेडिंग वेंट ऑफ वेल" म्हणजे लग्न मोडलं नाही हं, व्यवस्थित पार पडलं. लग्न मोडलं, रद्द केलं, त्याला 'कॉल्ड ऑफ'. पुढे ढकललं तर 'पुट ऑफ'. ह्या दोघांची अदलाबदल ऑफिसच्या ईमेलमध्ये फार होते आणि ती महागात पडू शकते, मीटिंग पुट ऑफ केली म्हणजे ती होणार आहे, नंतर होणार आहे.

हा त्रास आपल्यालाच होतो असं समजून वाईट वाटून घेऊ नका. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत हेच लिहून ठेवलंय, की क्रियापदापुढे छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही पद्धत परक्यांना सगळ्यात अवघड जाते, आणि म्हणून त्याने असे प्रयोग मुद्दाम काळजीपूर्वक नोंदवले. अशा जोडीला आज फ्रेझल व्हर्ब म्हणतात, पण हे नाव तेव्हा नव्हतंच, ते १९२५ मध्ये लोगन पियर्सल स्मिथ या लेखकाच्या पुस्तकातून रूढ झालं.

काही प्रयोग आपल्याकडे वेगळेच स्थिरावलेत, त्यातला 'पास आउट' खरंच लक्षात ठेवण्यासारखा आहे. "आय पास्ड आउट इन २०१५" हे इथे सगळ्यांना कळतं, पण अमेरिकन माणूस ते वाचून म्हणेल की हा २०१५ मध्ये बेशुद्ध पडला होता की काय. खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड मात्र बरोबरच आहे, लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणं या अर्थाने ब्रिटिश इंग्रजीत ते चालतं. बाहेरच्या नोकरीचा अर्ज असेल तर सरळ 'ग्रॅज्युएटेड' लिहा. तसंच 'कोप अप विथ' नको, फक्त 'कोप विथ'. फॉर्म ब्रिटिश 'फिल इन' करतात, अमेरिकन 'फिल आउट', आणि 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीसाठी ठेवा.

पाठ करायच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. 'गेट'चे पंचवीस अर्थ एका रात्रीत पाठ केले तरी सकाळी पाच उरतात. त्यापेक्षा अख्खं वाक्य लिहून ठेवा, कर्त्यासकट, कर्मासकट, म्हणजे कर्म कुठे बसतं तेही आपोआप कळतं. "टर्न ऑफ द टीव्ही" चालतं, "टर्न द टीव्ही ऑफ"ही चालतं, पण टीव्हीच्या जागी 'इट' आला की तो मध्येच बसणार, "टर्न इट ऑफ", "टर्न ऑफ इट" कधीच नाही. आणि 'लुक आफ्टर'सारख्यात मध्ये कोणालाच जागा नाही, "लुक आफ्टर हर"च.

आता अलार्मकडे. अलार्म आपोआप वाजला तर 'गो ऑफ', कशाने तरी वाजवला तर 'सेट ऑफ', म्हणजे आपलं सुटणे आणि सोडणे तसं: "द स्मोक सेट ऑफ द अलार्म", धुरामुळे अलार्म वाजला. बंद करायचा तर 'टर्न ऑफ'. म्हणून "माय अलार्म गोज ऑफ ॲट फाइव्ह अँड आय टर्न इट ऑफ" हे वाक्य अगदी शुद्ध आहे, पहिल्या ऑफला तो वाजतो, दुसऱ्याला गप्प होतो.