इंग्रजीचे बारा काळ: तक्ता घोकून घेणं बंद करावं का?

कृष्णाकाठ (सांगली)

विश्रामबागेतून मिरजेकडं निघालं की स्पोकन इंग्लिशच्या पाट्या सुरू होतात. कुठल्याही क्लासात डोकवा, पहिल्या आठवड्यात फळ्यावर तोच तक्ता. वर वर्तमान, भूत, भविष्य. डाव्या अंगाला साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण. तीन चोक बारा. माझा बारावीतला पुतण्या झोपेतून उठवला तरी 'आय शॅल हॅव बीन ईटिंग' बिनचूक म्हणतो. परवा त्याच्या मोबाईलच्या तक्रारीचा फोन आला. पलीकडच्या बाईनं इंग्रजीत विचारलं, कधी घेतला? साहेब म्हणाले, 'आय ऍम बाय लास्ट मंथ.'

माझं म्हणणं सरळ आहे. हा तक्ता शाळेतनं आणि क्लासातनं काढून टाका.

एक तर बारा काळ ही शिकवणाऱ्यांची सोय आहे. क्रियापदाचं रूप बदलून काळ दाखवायचा म्हटलं तर इंग्रजीत दोनच काळ निघतात, वॉक आणि वॉक्ड. भविष्याचं वेगळं रूपच नाही. 'विल' हे कॅन, मे, मस्ट यांच्याच पंक्तीतलं. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं मागच्या शतकातच सांगितलंय की इंग्रजीला भविष्यकाळ नाही. आपण मात्र त्याचे चार प्रकार पोरांच्या डोक्यावर मारतो.

दुसरं म्हणजे रोजच्या बोलण्यात साधा वर्तमान आणि साधा भूत यांचीच गर्दी असते. ते दोन, एक चालू वर्तमान, एक 'विल', पुढं जमलं तर 'हॅव'वाला. एवढ्यावर माणूस नोकरी करतो, भांडतो, लग्नसुद्धा जमवतो. फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस तुम्ही शेवटचा कधी वापरला ते सांगा.

निवृत्त मास्तर (तासगाव)

उभी नोकरी खेड्यातल्या शाळांत गेली, म्हणून लिहितो. शहरातल्या पोराच्या कानावर इंग्रजी पडतं. टीव्ही आहे, आईबाप अधूनमधून दोन वाक्यं फेकतात. आमच्याकडच्या पोराला ती भाषा फक्त तासाला ऐकू येते. त्याला धरायला कठडा नको? तक्ता हाच तो कठडा. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीला ए बी सी डी सुरू व्हायची. तेव्हाची पोरं आज बँकेत आहेत, कोर्टात आहेत. तक्त्यावरच शिकली.

पुतण्याचं म्हणाल तर दोष तक्त्याचा नाही, तो शिकवणाऱ्याचा आहे. बारा खोल्या वेगवेगळ्या पाठ करायच्याच नसतात. त्यात खटके दोनच आहेत. 'हॅव' लावला की पुढचं क्रियापद तिसऱ्या रूपात. 'बी' लावला की पुढच्याला आयएनजी. दोन्ही लावायचे तर हॅव आधी, बी नंतर. 'हॅज बीन वर्किंग' बघा: हॅजनं बीला बीन केलं, बीननं वर्कला वर्किंग केलं. प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्याचं रूप ठरवतो. आणि काळ दाखवायचं काम सगळ्यात पुढं उभा असेल त्याचं. 'डिड वेंट' चूक का? भूतकाळ डिडनं आधीच घेतला, वेंटनं तो परत कशाला घ्यायचा? एवढं कळलं की पोरगं बाराही खोल्या स्वतः भरतं. तक्ताच काढून टाकलात तर हे दाखवणार कशावर?

यार्डातला (सांगली)

मास्तर, तुमचं खटक्याचं पटलं. पण आमचं दुखणं वेगळं आहे. मार्केट यार्डातनं परदेशी गिऱ्हाइकाला जाणारे मेल मी रोज वाचतो. लिहिणारी पोरं पदवीधर आहेत, तक्ता सगळ्यांना पाठ. तरी दर तिसरी ओळ अशी: 'वी हॅड सेंट द सॅम्पल ऑन मंडे.' रूप एकदम बरोबर, हॅड आणि तिसरं रूप. पण समोरचा वाचून थांबतो. पाठवलं होतं, मग काय झालं? परत आलं? हरवलं? त्याला पुढच्या वाक्याची वाट बघायला लावली आणि पुढं लिहिलंय 'थँकिंग यू'.

आमच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, मेलला कुणी द्यायचं?

कृष्णाकाठ

बघा, हेच म्हणतोय मी. तक्ता येतो आणि इंग्रजी येत नाही.

मिरजेची सिस्टर

धागाकर्त्यांना एक विचारते. चार-पाच काळांत भागतं म्हणता, ते कुणाचं? वॉर्डात ड्यूटी बदलताना आम्ही इंग्रजीत हँडओव्हर देतो. 'पेशंट व्हॉमिटेड' म्हणजे उलटी झाली, विषय संपला. 'पेशंट वॉज व्हॉमिटिंग' म्हटलं तर तेव्हा चालू होती, आत्ताचं सांगितलंच नाही. 'पेशंट हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स मॉर्निंग' म्हणजे सकाळपासून चालू आहे, थांबलेली नाही, सलाईनकडं बघा. पुढची सिस्टर यावरून ठरवते की आधी कुठल्या खाटेकडं पळायचं. तुमच्या यादीत हा काळ नाहीच. आमच्यात परदेशी जाणाऱ्या मुली ओईटी, म्हणजे दवाखान्यातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा देतात, तिथं हाच फरक तपासतात.

पुण्यात अडकलेला सांगलीकर

लई ताण घेताय सगळे. मी आयटीत आहे. आमचा अमेरिकन क्लायंट स्वतः 'डिड यू ईट यट?' म्हणतो. तुमच्या पुस्तकाप्रमाणं तिथं 'हॅव यू ईटन' पाहिजे ना? रोज सकाळच्या मीटिंगला निम्मी टीम 'आय हॅव डन इट यस्टरडे' आणि 'आय ऍम हॅविंग वन डाऊट' म्हणते, समोरच्याला सगळं कळतं, पगार वेळेवर होतो. भारतीय इंग्रजी ही पण एक इंग्रजीच आहे. आपण आपल्या पद्धतीनं बोलायचं.

निवृत्त मास्तर (तासगाव)

अमेरिकन माणूस जस्ट, ऑलरेडी, यट यांच्या जोडीला बोलताना साधा भूतकाळ वापरतो, ही तिकडची रूढ पद्धत आहे. 'हॅव डन यस्टरडे' मात्र तोही म्हणत नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. आणि पगाराचं म्हणाल तर तो कोडचा मिळतो, इंग्रजीचा नाही.

पुण्यात अडकलेला सांगलीकर

बरोबर. मग इंग्रजीवर एवढा वेळ का घालवायचा?

गल्ली नंबर दोन

शेवटचा फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस कधी वापरला असं विचारलंय, तर हा घ्या. 'बाय नेक्स्ट गणपती दे विल हॅव बीन डिगिंग अवर रोड फॉर थ्री इयर्स.' दुसऱ्या कुठल्या काळात हे दुःख मांडून दाखवा.

शब्दपाखाडी (सातारा)

वरची कोटी झकास आहे, आणि मुद्द्याचीही आहे. काळ म्हटला की आपण घड्याळाकडं बघतो. हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञानं १९४७ साली याची फार नेटकी मांडणी केली. त्याचं म्हणणं, एक क्षण धरून चालत नाही, तीन लागतात. बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि तिसरा, आपण जिथं उभं राहून त्या घटनेकडं बघतोय तो. गल्लीवाल्यांचा तिसरा क्षण पुढच्या गणपतीत आहे.

सांगलीकरांना यासाठी परदेशी उदाहरण कशाला? आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९च्या महापुरात गावाचा जीव त्या आकड्यात अडकला होता. समजा, पाण्याची बातमी इंग्रजीत आली. 'द वॉटर रीच्ड फॉर्टी फीट.' कधीतरी पोचलं, आत्ता किती आहे ते या वाक्यात नाही. 'हॅज रीच्ड': उभं राहून बघणारा आजच्या क्षणात आहे, सामान माळ्यावर टाका. 'हॅड रीच्ड': गोष्ट मागची, आणि तिच्यानंतर आणखी काहीतरी घडलंय, बोट आली किंवा लाईट गेली. घटना तीच, पाणी तेवढंच. बदलली ती उभं राहायची जागा.

आता हेच मराठीत म्हणा: पाणी चाळीसवर आलं, आलंय, आलं होतं. म्हणजे फरक आपल्याकडं आहेच. पोराला तो आईच्या मांडीवर मिळालाय. तक्ता शिकवताना आपण त्याला नव्या मुलखात आल्यासारखं घाबरवतो.

गडबड होते ती जिथं दोन भाषांचे सांधे जुळत नाहीत तिथंच. मोजून तीन-चार जागा आहेत. आपण 'तो कालच आलाय' बिनदिक्कत म्हणतो, इंग्रजीत 'हॅज कम' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात नांदत नाहीत. आपण 'दहा वर्षांपासून इथं राहतो' म्हणतो, साधा वर्तमान. तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. आपण 'मला माहीत आहे' म्हणतो आणि त्यातल्या 'आहे'पायी 'आय ऍम नोइंग' तोंडातून निघतं. उलटंही आहे. आतून हाक आली की आपण जागचं न हलता 'आलो आलो' म्हणतो, भूतकाळात. त्याबद्दल आपल्याला कुणी हसत नाही.

यार्डातल्या मेलचं कोडंही इथंच सुटतं. 'काल पुण्याला गेलो होतो' यातल्या 'होतो'त जाऊन परत आल्याचा अर्थ बसलाय, त्याला दुसरी घटना लागत नाही. इंग्रजी हॅडला ती लागते, वाक्यात नाहीतर निदान संदर्भात. म्हणून मी ना तक्त्याच्या बाजूचा, ना विरोधातला. या जागा नीट शिकवा, बाकी तक्ता भिंतीवर टांगून ठेवा.

यार्डातला (सांगली)

आणि आमच्याकडं तर 'गेलो होतो' पण कुणी पुरतं म्हणत नाही. 'काल पुण्याला गेल्तो, त्यो पण आल्ता, जेवाण झाल्तं.' सगळी गोष्ट 'ल्तो-ल्ता'त. आता कळलं मेलमध्ये एवढे हॅड कुठनं येतात ते. उद्या पोरांना सांगतो, हॅड लिहिलास तर मग काय झालं ते पण लिही, नाहीतर काढ.

स्पर्धा परीक्षावाला

सगळं खरं. पण पेपर काढणारा कुठं राहतो? 'नो सूनर हॅड', 'बाय द टाइम', 'इफ आय हॅड नोन', हेच कोपरे विचारले जातात. तिथं गल्लीतला रस्ता पण येत नाही आणि आयर्विन पूल पण नाही. ज्याला गुण पाहिजेत त्यानं तक्ता पाठ करावा. बोलायचं नंतर बघू.

कृष्णाकाठ

'बोलायचं नंतर बघू' यातच आपल्या दोन पिढ्या गेल्या, भाऊ.

सिस्टरचा मुद्दा मान्य, 'हॅज बीन' माझ्या यादीत घेतला. सातारकरांचंही बरंच पटलं. पण मूळ मागणी मी सोडत नाही. भिंतीवर टांगा म्हणणं सोपं आहे. एकदा टांगला की तो पाठ करून घेणारा कोणीतरी भेटतोच. आधी पोरांना कालचा दिवस इंग्रजीत सांगू द्या. मी उठलो, गेलो, खाल्लं, मार खाल्ला. महिनाभर नुसता साधा भूतकाळ. मग उद्याचं. खोल्यांची नावं दहावीनंतर सांगितली तरी चालतील.

निवृत्त मास्तर (तासगाव)

साठ पोरांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास. प्रत्येकाचा कालचा दिवस ऐकायचा तर अर्ध्या मिनिटाला एक पोरगं. या एकदा वर्गावर.

कृष्णाकाठ

जोड्या लावून बोलायला लावा. एकमेकाला सांगू देत. मास्तरांनी सगळं ऐकलंच पाहिजे असं कुठं आहे?

निवृत्त मास्तर (तासगाव)

आणि एकमेकाच्या चुका एकमेकाला पाठ होतील, त्याचं काय?

आठवीची आई (इस्लामपूर)

तुमचं भांडण मिटेल तेव्हा मिटेल. माझी मुलगी सेमी इंग्लिशला आहे, शनिवारी बारा काळांची चाचणी आहे आणि आत्ता ती 'आय प्ले, आय ऍम प्लेइंग' करत येरझाऱ्या घालतेय. मला स्वतःला यातलं फारसं येत नाही. तिला काय सांगू तेवढं सांगा.

निवृत्त मास्तर (तासगाव)

ताई, पहिलं म्हणजे 'प्ले' सोडायला सांगा. त्याचं दुसरं आणि तिसरं रूप एकच, प्लेड. मुलीनं चुकीचं रूप घेतलं तरी कानाला कळत नाही आणि तुम्हालाही नाही. 'कट' तर त्याहून वाईट, तिन्ही सारखी. 'राइट' घ्या: राइट, रोट, रिटन. किंवा 'ईट': ईट, एट, ईटन. 'हॅव रोट' म्हणाली की लगेच खटकेल, तिथंच थांबवा.

आणि तक्ता ओळीनं म्हणून घेऊ नका, मधूनच विचारा. तुम्ही मराठीत म्हणा, 'मी पत्र लिहीत होते', तिनं इंग्रजी करायचं. मग 'लिहिलंय', मग 'लिहीन'. तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही, उत्तरं वहीत आहेतच. भविष्यकाळाच्या शेवटच्या दोन ओळी शुक्रवारी रात्री बघितल्या तरी चालतील. त्यावर फार तर एक प्रश्न येईल.