मदत हवी आहे: टीएनएफ देऊनही पेशी मरत नाहीत

पेट्रीडिश_पुणे:
टीएनएफ-अल्फा या सूज आणणाऱ्या प्रथिनाने रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना इजा होते असं प्रत्येक पेपरात आहे. माझ्या पेशींना ढिम्म काही होत नाहीये. १० नॅनोग्रॅम दिलं, मग ५०, मग १००. एमटीटीचं (जिवंत पेशी मोजायची टेस्ट) रीडिंग कंट्रोलइतकंच. शुक्रवारी गाईडना आकडे दाखवायचेत. ज्यांचं जमलंय त्यांनी नेमका डोस सांगा. थिअरी नको.

निशाचर:
पेशी कुठल्या? किती तास? टीएनएफ माणसाचं की उंदराचं? पॅसेज कितवा (पेशी किती वेळा नव्या डिशमध्ये वाढवल्यात), मीडिया म्हणजे वाढवायचं द्रव कोणतं? डोस कशावरून सांगायचा?

पेट्रीडिश_पुणे:
ह्यूवेक, नाळेच्या शिरेतल्या अस्तराच्या पेशी, अजून काय असणार! २४ तास. माणसाचं.

रसायनी:
डोस वाढवू नका, पैसे वाया जातील. सोबत सायक्लोहेक्झिमाइड टाका. आमच्याकडे एका रात्रीत प्लेट साफ होते.

निशाचर:
होणारच. टीएनएफ आलं की पेशी एनएफ-कप्पा-बी या आतल्या सिग्नलमार्गे ए२० सारखी प्रथिनं बनवून स्वतःला वाचवते. सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिनं बनणंच थांबतं. पेशंटच्या रक्तात सायक्लोहेक्झिमाइड कुठून येणार?

रसायनी:
त्यांना मेलेल्या पेशी हव्यात, मिळतील. बाकीचं व्हायव्हात बघू.

आजीचा_बटवा:
हळदीतलं कर्क्युमिन देऊन बघा, सूज लगेच उतरते.

निशाचर:
सूज आणायचीच अडचण आहे, उतरवायची नाही. शिवाय तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं.

वॉर्ड_सात:
मी मेडिसिनला आहे. पेशी मरायलाच हव्यात असं कुणी सांगितलं? डेंग्यूत ताप उतरतो त्या सुमारास प्लाझ्मा गळतो, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो, पोटात-छातीत पाणी होतं. २४ ते ४८ तासांत गळती थांबते आणि तेच पाणी रक्तात परत येतं. अस्तर मेलं असतं तर दोन दिवसांत कुठून भरून आलं असतं? पेशी-पेशींमधले सांधे सुटतात, पेशी जिवंत असतात. इजा म्हणजे हीच: पेशी जोडून ठेवणाऱ्या व्हीई-कॅडहेरिनची पकड ढिली, नायट्रिक ऑक्साइड कमी, पांढऱ्या पेशी चिकटतात, रक्त गोठायला लागतं. एमटीटीत यातलं काहीच दिसत नाही.

सह्याद्री७२:
वडिलांचा एचएस-सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ४ आलाय. म्हणजे अस्तर खराब झालं का?

वॉर्ड_सात:
एका रिपोर्टवरून नाही ठरत. सर्दी-ताप, दात दुखणं यानेही वाढतो. दोन आठवड्यांनी पुन्हा करा आणि त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. वेगळा धागा काढा, प्लीज.

निशाचर:
पॅसेज आणि मीडिया अजून कळलेलं नाही.

पेट्रीडिश_पुणे:
पॅसेज ९. मीडिया ईजीएम-२, किटमधल्या सगळ्या बाटल्या घालून. त्याचा काय संबंध?

निशाचर:
आहे. त्यातली एक बाटली हायड्रोकॉर्टिसोनची. म्हणजे एका हाताने सूज आणताय, दुसऱ्याने स्टेरॉइड देताय. ती बाटली वगळून मीडिया बनवा, आदल्या रात्रीपासून त्यातच पेशी ठेवा. पॅसेज ९ टाकून द्या, ३ ते ५ मधल्या घ्या. १० नॅनोग्रॅम पुरे. मग ई-सिलेक्टिन आणि आयकॅम-१ ही पांढऱ्या पेशी चिकटवणारी प्रथिनं बघा.

रसायनी:
हायड्रोकॉर्टिसोन काढलं तरी एमटीटी हलणार नाही, लिहून ठेवा.

निशाचर:
मान्य. म्हणून तर एमटीटी सोडा म्हणतोय.

पेट्रीडिश_पुणे:
ती प्रथिनं बघायची अँटीबॉडी शुक्रवारच्या आत येणार नाही. गाईडना काय दाखवू?

निशाचर:
क्यूपीसीआर करा, म्हणजे प्रथिनाऐवजी त्याचा आरएनए मोजा; त्याला लागणारे प्रायमर शेजारच्या लॅबमध्ये विचारा. ४ तासांचा नमुना चुकवू नका. २४ तासांवर बघाल तर ई-सिलेक्टिन उतरलेलं असेल, आयकॅम तेवढं दिसेल.