शब्दचर्चा : ‘घसरून पडणे’ आणि जागेची जबाबदारी

सांगलीकर : सोसायटीच्या जिन्यात टाकीचं पाणी ओघळतं. शेजारच्या काकू तिथे पडल्या, मनगट मोडलं. समितीला पत्र लिहायचंय. अशा वेळच्या ‘लायबिलिटी’ला काय म्हणावं? दायित्व, उत्तरदायित्व की जबाबदारी? आणि ‘पाय घसरून पडल्या’ लिहिलं तर चालेल ना?

मुलुंडकर : ‘पाय घसरला’ नको. बाईमाणसाबद्दल लिहिताना त्याला नको तो अर्थ चिकटतो, शिवाय दोष पायाकडे जातो. असं लिहा : ‘पहिल्या मजल्याच्या वळणावर टाकीचं पाणी साचून पायऱ्यांना शेवाळ धरलं होतं, त्यावरून घसरून पडल्या.’ याआधी कुणी तोंडी का होईना तक्रार केली असेल, तर ती तारखेसकट घाला.

डोंबिवलीकर : मुलुंडकरांशी पूर्ण सहमत. दायित्व हा शब्द ताळेबंदात जास्त रुळलाय. उत्तरदायित्व बरोबर आहे, पण पत्रात जड होतो. ‘जबाबदारी’च लिहा, तीही मुळात जवाब देण्याचीच बांधिलकी.

पण नेमका शब्द हवा तो दुसरीकडे : जबाबदार कोण? आपण सरसकट ‘मालक’ म्हणतो. कायदा आधी विचारतो, जागा कुणाच्या ताब्यात आहे? त्यासाठी ‘भोगवटादार’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. भोगवटा प्रमाणपत्रामुळे तो घरोघरी माहीतही आहे. भाड्याच्या दुकानात फरशी पुसायची राहिली तर पहिला प्रश्न दुकान चालवणाऱ्याला. जिना, गच्ची, पार्किंग सामायिक, म्हणून तिथे सोसायटी. इंग्लंडचा 1957 चा कायदा तर भोगवटादाराच्याच नावाने आहे. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. भरपाईचा दावा अपकृत्य कायद्याच्या (‘टॉर्ट’, म्हणजे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई मागण्याचा दिवाणी कायदा) तत्त्वांवर चालतो.

सांगलीकर : आणि ‘निष्काळजीपणा’ की ‘हयगय’?

डोंबिवलीकर : ‘हयगय’. पोलिसांच्या फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने’ वाचलं असेल. निष्काळजीपणा हा स्वभावही असू शकतो. हयगय म्हणजे जे करायला हवं होतं ते केलं नाही. त्यामुळे काय केलं नाही ते सांगावंच लागतं : गळती थांबवली नाही, पायरी घासली नाही, दिवा लावला नाही. फक्त ‘समितीचा निष्काळजीपणा’ लिहिलंत तर पत्र पोकळ राहतं.

आणि हयगय सिद्ध कुणी करायची? इंग्लंडात लिव्हरपूलच्या टेस्को दुकानातल्या एका अपघाताचा निकाल 1976 साली लागला. जमिनीवर दही सांडलेलं, त्यावरून गिऱ्हाईक बाई घसरल्या. दही किती वेळ पडून होतं हे त्यांना सांगता येईना. कोर्टाचं म्हणणं असं की सांडलेलं वेळेवर पुसायची व्यवस्था होती हे दुकानाने दाखवायचं. दुकानाला ते दाखवता आलं नाही. बाईंना भरपाई मिळाली. रक्कम लहान, पण पडलेल्या माणसावरचं केवढं ओझं उतरलं!

मुलुंडकर : समिती म्हणेल, ‘आम्हाला दिसलंच नाही.’

डोंबिवलीकर : शेवाळ एका रात्रीत धरत नाही, आणि ते ‘उघड दोषा’त मोडतं. ‘सुप्त दोष’ वेगळा, वरून न दिसणारा. पण तिथेही दरवेळी सुटका नाही. दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं. बांधकाम सुमारे 80 वर्षांचं, त्या चुन्याचं आयुष्य जेमतेम 40-45. रस्त्यालगतच्या इमारतीत दोष दिसत नव्हता ही सबब चालली नाही. मात्र काकूंनी ओलं दिसत असूनही घाई केली असं ठरलं, तर त्यांचीही हयगय धरून भरपाई कमी होऊ शकते. म्हणून तिथला उजेड कसा होता तेही लिहाच.

कोल्हापूरकर : एक भर. पैसे मोजून गेलेल्या हॉटेलात किंवा खाजगी दवाखान्यात कुणी असं पडलं, तर ‘सेवेतील त्रुटी’ हे शब्द वापरून ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. मुदत 2 वर्षं.