मदत हवी आहे: रसायनशास्त्राच्या प्रबंधात एकाच क्रमांकाखाली अनेक संदर्भ कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. प्रबंधाचे संदर्भ एसीएस (अमेरिकन केमिकल सोसायटी) पद्धतीने लावते आहे. आडनाव आधी, नियतकालिकाचं संक्षिप्त नाव तिरप्या अक्षरांत, वर्ष ठळक, खंड पुन्हा तिरपा, मग पानं, एवढं पक्कं आहे. आरएससी (रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री) पद्धतीत मात्र आद्याक्षरं आधी येतात आणि खंड ठळक असतो, त्यामुळे जुन्या फाइलमधले संदर्भ एकेक करून तपासते आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एका अभिक्रियेवरचे चार लेख ५अ, ५ब असे एकत्र द्यायचे आहेत. पुढच्या प्रकरणात त्यातला फक्त दुसराच लागतो. तिथे ‘५ब’ लिहायचं, की नवा क्रमांक द्यायचा? एंडनोट या संदर्भ लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये असे गट करता येतात. मी वापरते ते तसंच दुसरं सॉफ्टवेअर, झोटेरो, प्रत्येक लेखाला स्वतंत्र क्रमांक देतं. हाताने बदलावं तर मध्ये एक संदर्भ वाढला की सगळे क्रमांक सरकतात. झोटेरोत कुणी मार्ग काढला आहे का?

शिवाय, केंब्रिज क्रिस्टलोग्राफिक डेटा सेंटरच्या (सीसीडीसी) संग्रहातली स्फटिकरचना वापरली तर मूळ लेखासोबत त्या रचनेचा तिथला नोंदणी क्रमांक, म्हणजे सीसीडीसी क्रमांकही यादीत देता का? मला तरी दोन्ही द्यावंसं वाटतं, वाचकाला थेट त्या रचनेपर्यंत पोचता यायला हवं. तुमच्या विभागात काय पद्धत आहे ते कृपया सांगा.