लाईट थेरपीत रुथेनियम कशाला?

अर्धवटराव: पीडीटीत (फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे प्रकाशाने जागं होणारं औषध देऊन कॅन्सरच्या पेशी मारणं) साधं पोर्फायरिन (प्रकाश शोषणारा कडीसारखा रेणू) चालतं ना, मग त्यात रुथेनियम, पॅलेडियमसारखे जड धातू कशाला घुसवतात?

रसायनवेडी: अरे जड अणू असला की प्रकाश पडल्यावर रेणू पटकन ट्रिपलेटमध्ये (एक ऊर्जा भरलेली अवस्था) जातो, तिथे आधीच्या उत्तेजित अवस्थेपेक्षा जास्त टिकतो आणि बाजूच्या ऑक्सिजनला ऊर्जा देतो, मग तो सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जहाल रूप) होऊन पेशीची वाट लावतो. पॅलेडियमवालं पॅडेलिपोर्फिन हे औषध युरोपात २०१७ लाच प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मंजूर झालंय, ७५३ नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालतं.

निशाचर: रुथेनियमचं टीएलडी-१४३३ हे औषध पण बघ, मूत्राशयाच्या कॅन्सरवर ट्रायलमध्ये आहे, हिरवा लेझर वापरतात. हिरवा प्रकाश फार खोल जात नाही, पण इथे तेच पथ्यावर पडतं, काम अस्तरातच असतं.

अर्धवटराव: आणि ट्यूमरमध्ये ऑक्सिजनच कमी असेल तर?

निशाचर: तिथेच तर घोडं अडतं 😅